ठाकूरवाडी, पण कुठली?

खर्डी, बुधवार

खर्डीला पोचलो त्या दुपारी आमचे घरमालक पांडुरंगकाका चहाच्या आधीच आम्हाला माळ्यावर घेऊन गेले. वर एक वासा मधोमध वाकला होता.

"तुमी तिघं आर्किटेक ना?" ते म्हणाले. "मंग सांगा, ह्यो बदलायचा का टेकू देऊन चालंल?"

नीलिमा माझ्याकडे बघून हसली. सुधीर मात्र खरोखरच वाशाखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. मी काकांना सांगितलं, की आम्ही घरांचे आर्किटेक्ट नाही, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रणांचे आहोत.

"मंग तिघं कशाला?"

हा प्रश्न मला सोलापूरला माहेरी गेल्यावरही विचारतात, त्यामुळे उत्तर पाठ आहे. नीलिमा डेटा आर्किटेक्ट. कुठली माहिती कुठल्या नावानं साठवायची आणि एका गोष्टीची दुसरीशी गाठ कशी घालायची, ते ती ठरवते. सुधीर इन्फ्रास्ट्रक्चर आर्किटेक्ट, म्हणजे मशिनं, वीज, नेटवर्क, टॉवर. आमची फरीदा पुण्यात बसते. ती सिक्युरिटी आर्किटेक्ट, कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये हे तिच्या हातात. मुंबईला देशमुख सर, एंटरप्राइझ आर्किटेक्ट. त्यांना एकेका यंत्रणेत शिरायचं नसतं, सगळ्या संस्थेचा, सगळ्या तालुक्यांचा मिळून आराखडा सांभाळायचा असतो. आणि मी सोल्युशन आर्किटेक्ट. या सगळ्यांचं काम एकत्र आणून त्यातून चालणारी वस्तू उभी करायची, आणि ती चालेल असं सही करून सांगायचं.

"म्हंजे चुकला तर तुमाला धरायचं," काका म्हणाले.

"हो, मला."

काकांचं समाधान झालं असावं. वाशाचा विषय त्यांनी सोडला आणि आम्ही चहाला खाली आलो.

आम्ही गेलो होतो ते एका रुग्णवाहिका सेवेच्या कामासाठी. एक धर्मादाय संस्था शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांसाठी ही सेवा चालवते. एक गाडी खर्डीला असते, एक मुरबाडला. काकांच्याच घराच्या पुढच्या खोलीत रोहिणी नावाची तिशीतली मुलगी फोनवर बसायची. फोन आला की ती पत्ता विचारून घ्यायची आणि ड्रायव्हरला कळवायची. आता त्या जागी आमची यंत्रणा येणार होती. गावाचं नाव टाकलं की जवळची गाडी आपोआप ठरणार, ड्रायव्हरपुढच्या टॅबवर रस्ता उमटणार. आम्ही पोचलो तेव्हा चाचणी सुरू झाली होती, म्हणजे फोन रोहिणीच उचलत होती, पण नव्या यंत्रणेतून. शनिवारपासून पलीकडच्या तालुक्यांतही गाड्या सुरू होणार होत्या, सगळे फोन मुंबईच्या केंद्रात जाणार होते आणि खर्डीची खोली बंद होणार होती. त्यासाठी माझी सही हवी होती.

रोहिणीनं आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या, पंखा आमच्याकडे वळवला आणि शांतपणे विचारलं, "ताई, शनिवारपास्नं मी येऊ नको ना?"

मी म्हटलं, अजून ठरायचंय. ते खरं नव्हतं. मुंबईत सगळं ठरलेलं होतं.

दिवस सरायच्या आत आम्ही खर्डीची गाडी घेऊन उंबरमाळीकडे गेलो. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, झाडी रस्त्यावर ओणवते आणि टॅबवरची रेघ मधेच थांबते. सुधीरना नेमकं तेच बघायचं होतं. मोळ्या घेऊन येणाऱ्या दोन बायका थांबून आमच्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हितं फोन नाय लागत. तिकडं टेकाडावर जावा." सुधीर टेकाडाकडे निघाले आणि ओहोळातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरून गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आम्हीही हसलो. सुधीरांचा फोन मात्र त्या पाण्यात गेला तो पुन्हा सुरू झाला नाही.

रात्रीच्या जेवणाला काकींनी नव्या तांदळाची भाकरी केली होती. आमच्याकडे ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात मळून भाकरी थापतात. इथे आधी तांदळाच्या पिठीची उकड काढतात, मग ती मळतात, आणि भाकरी पांढरीशुभ्र, कापडासारखी मऊ होते. सोबत सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. काकींनी आग्रह करून वाढलं, पण नीलिमाचं लक्ष ताटात नव्हतं.

"अपर्णा, मला गावांची यादी आवडलेली नाही," ती म्हणाली. "ठाकूरवाडी, कातकरवाडी, पाटीलपाडा. एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय. मी सरांना लिहिलं होतं."

"काय म्हणाले?"

"तालुक्याचं नाव शेजारी दिसतंय, तेवढं पुरे. पण फोन करणारा माणूस तालुका सांगत नाही. तो वाडी सांगतो."

सुधीर म्हणाले, शनिवारनंतर सुधारणा करता येतील. मीही तेच म्हणाले. इतर तालुक्यांत अशी सेवा अजिबातच नव्हती, तिथले लोक याच यंत्रणेची वाट बघत होते, आणि देशमुख सर रोज त्याची आठवण करून देत होते. नीलिमानं ताटातली भाकरी संपवली आणि हात धुवायला उठली.

मुरबाड, गुरुवार

शहापूर सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की हायवेची घाई मागे पडते. शेतं कापून मोकळी होत होती, खळ्यांवर झोडणी चालली होती, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत सरळ उभी. मी सपाट मुलखात वाढले. आमच्याकडे क्षितिज लांब असतं. इथे ते अंगावर येतं.

मुरबाडच्या गाडीचे ड्रायव्हर बाळाराम याच तालुक्यातले, घरची भातशेती असलेले. गाडीत त्यांच्यासोबत संगीता सिस्टर असायच्या. आम्ही दुपारपर्यंत मुरबाडच्या नाक्यावर गाडीतच बसून टॅबची चाचणी घेतली. सगळं ठीक चाललं होतं. सुधीर समोरच्या टपरीवरून वडापाव घेऊन आले आणि आम्ही खायला सुरुवात केली.

तेवढ्यात टॅबवर एक फोन नोंदलेला दिसला. ठाकूरवाडी. बाई, सर्पदंश. गाडी: खर्डी.

"खर्डीची गाडी जातीय," बाळाराम म्हणाले. "आपल्याकडची नाय."

आम्ही टॅबवरचा ठिपका बघत बसलो. तो खर्डीतून निघून माहुली गडाच्या बाजूला सरकत होता. सुधीरांना आनंद झाला होता, कारण रेघ कुठेच तुटत नव्हती. संगीता सिस्टर म्हणाल्या, कापणीच्या दिवसांत असं होतंच, भाताच्या भाऱ्याखाली घोणस बसलेली असते आणि हात किंवा पाय नेमका तिच्यावर पडतो. ठिपका वाडीवर जाऊन थांबला. मला बरं वाटलं.

मग माझा फोन वाजला. रोहिणी होती.

"ताई, गाडी पोचली. पन तितं कोनाला साप चावलाच नाय. सगळ्या वाडीत इचारला. कोनी फोनच केला नाय म्हनतात."

"फोन करणाऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"ठाकूरवाडी. मी इचारला कुठली, तर म्हनला, गडाखालची. मंग फोन कट झाला. गडाखालची म्हंजे माहुलीखालचीच ना ताई? यादीत पन तीच पहिली आली."

खर्डीत बसलेल्या माणसाला गड म्हणजे माहुली. त्यात रोहिणीची काही चूक नव्हती. यंत्रणेनंही तिला तेच पहिलं दाखवलं, कारण खर्डीला ती वाडी जवळची.

"त्याला परत फोन लाव," मी म्हटलं.

"नंबरच दिसत नाय ताई. नुसत्या चांदण्या हायत."

त्या चांदण्या आमच्याच होत्या. दुसऱ्या एका ठिकाणच्या कामात फोन करणाऱ्या बायकांचे नंबर बाहेर गेले होते आणि त्यांना नको ते फोन येऊ लागले होते. तेव्हापासून गाडी ठरली की फोन करणाऱ्याचा नंबर झाकायचा, असा नियम फरीदानं आणला. मला तो तेव्हा योग्य वाटला होता. आजही वाटतो. पण त्या क्षणी कुठल्या तरी वाडीत एक बाई पडलेली होती, तिच्या माणसांना यंत्रणेकडून आपोआप गाडी निघाल्याचा निरोप गेला होता, आणि तिला शोधायचा एकच धागा आम्ही स्वतः झाकून ठेवला होता.

मी फरीदाला फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तेच.

बाळारामांनी गाडी सुरू केली. "गडाखालची म्हनला ना? मंग आमच्याकडची. गोरखगडाखाली ठाकूरवाडी हाय. बसा."

"आणि सिद्धगडाखाली नाही?" नीलिमानं विचारलं. लॅपटॉप मांडीवर उघडून ती यादी चाळत होती. "इथे आणखी एक दिसतेय."

"हाय की. पन तितं गाडी कवा बोलवत नायत. वरपर्यंत जातच नाय गाडी."

"म्हणजे दोन्हीपैकी कुठलीही असेल."

गाडी म्हसा गावाच्या रस्त्याला लागली होती. सुधीर पुढे वाकून म्हणाले, "अपर्णा, म्हशाच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. एकदा आत शिरलो आणि मागून खरा पत्ता आला, तर आपल्याला कळवणार कोण?"

बाळारामांना थांबणं पटत नव्हतं. "मॅडम, घोणस आसंल तर टाइम नाय. एका वाडीवर बगू, नाय तर दुसऱ्या."

"एकीकडून दुसरीकडे जायला किती वेळ जाईल?"

त्यांनी नुसती मान हलवली.

मी म्हटलं, म्हशापर्यंत चला. जिथे रस्ता फुटतो आणि जिथवर फोन लागतोय, तिथे थांबू. संगीता सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. थांबायचं म्हणणाऱ्या माणसाकडे जसं बघतात तसं.

फाट्यावर एका आंब्याखाली गाडी उभी केली. इंजिन चालूच होतं. समोर दोन रस्ते, दोन्हीकडे डोंगर, दोन्ही डोंगरांखाली ठाकूरवाडी. मी देशमुख सरांना फोन केला. ते बैठकीत होते, पण त्यांनी उचलला. मी एका दमात सांगितलं.

"फरीदा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर आहे," ते म्हणाले. "देतो तिला."

फरीदानं पूर्ण ऐकून घेतलं. "नंबर उघडायला दोन जणांची लेखी मंजुरी लागते," ती म्हणाली. "नियम मीच लिहिलाय. मी मोडतेय, हे सर ऐकतायत. घे नंबर."

मी एकेक आकडा मोठ्यानं म्हटला आणि नीलिमानं आपल्या फोनवर दाबला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. बाळाराम स्टीअरिंगवर बोटं वाजवत होते. पुन्हा लावला आणि रिंग गेली. एका माणसाचा धापा टाकणारा आवाज आला. नीलिमानं स्पीकर लावला.

"गाडी कुठं हाय?" तोच विचारत होता. "निघाली म्हनला व्हतात."

"दादा, तुमची ठाकूरवाडी कुठल्या गडाखाली?"

"गडाखाली म्हंजे गडाखाली. गाडी कुठं हाय?"

"दादा, गडाचं नाव सांगा."

"सिद्धगड," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "सिद्धगड, दुसरा कोनता?"

वाक्य पुरं व्हायच्या आत बाळारामांनी गाडी वळवली होती. सिद्धगडाच्या रस्त्याला.

संगीता सिस्टरनी नीलिमाच्या हातातून फोन घेतला. "पाय हलवू देऊ नका. कापू नका, चोखू नका. चालवत आणू नका, उचलून आणा. आमी खालून येतो."

रस्ता अरुंद होत गेला, मग डांबर संपलं. सुधीर म्हणाले होते तसा फोनही गेला. झाडीतून खडबडीत वाटेनं गाडी चढत राहिली आणि एका ओढ्यापाशी थांबली. पुढे जाता येत नव्हतं. सिस्टर बॅग घेऊन उतरल्या आणि आम्ही त्यांच्या मागे पायवाटेनं निघालो. चढ मोठा नव्हता.

थोडं वर गेल्यावर माणसं दिसली. बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीतून ते तिला आणत होते. चौघं जण खांदा देत होते, आणि तो फोनवरचा माणूस बाजूनं तिचा हात धरून चालत होता. त्याचं नाव लक्ष्मण. ती त्याची बायको, चांगुणा. वय पंचविशीच्या आतलं. उजवा पाय घोट्यापासून वर तट्ट सुजला होता आणि गुडघ्याखाली दोरी करकचून बांधलेली. ती शुद्धीवर होती. ओरडत नव्हती, फक्त ओठ दाताखाली धरले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं.

ते रक्त बघून सिस्टरचा चेहरा बदलला. विष एकदम अंगात पसरू नये म्हणून त्यांनी दोरी लगेच सोडली नाही. "गाडीत घेऊन, सलाईन लावून मंग," त्या म्हणाल्या. खाली येताना सुधीरांनी एका दमलेल्या माणसाचा खांदा घेतला आणि ओढ्याच्या दगडांवर पाऊल रोवून रोवून टाकत ते चालले. यावेळी ते घसरले नाहीत.

गाडीत मी चांगुणाच्या डोक्याशी बसले होते. ती मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघायची.

"तुमी डाक्टरीन?"

"नाही."

"मंग?"

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. म्हशाजवळ फोन सुरू झाला तसं सिस्टरनी रुग्णालयात कळवलं, आणि मुरबाडला पोचलो तेव्हा स्ट्रेचर दारातच होतं. डॉक्टरांनी सर्पदंशावरची लस सुरू केली. ऊन उतरेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. शेवटी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हिरड्यांचं रक्त थांबलंय. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं बिघडतात, आता लघवी नीट होते का ते बघायचं, रात्र महत्त्वाची.

लक्ष्मण माझ्या शेजारी येऊन बसला. पायात चप्पल नव्हती.

"बाई, एक इचारू का? तुमी फोनवर गाडी निघाली म्हनलात, तवा गाडी कुठं व्हती?"

मी खरं सांगितलं. दुसऱ्या ठाकूरवाडीला गेली होती.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "खाली जीप आलती. भात न्यायला. तो ड्रायव्हर म्हनला, घाल तिला, मी नेतो. मी त्याला म्हनलो, गाडी निघाली हाय, आक्सिजनची गाडी हाय, ती बरी. आनि मी जीप परत धाडली."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आपलंच काही चुकलं का, असं तो विचारत होता. मी त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही.

खर्डी, शुक्रवार

सकाळी सिस्टरचा निरोप आला. रात्र बरी गेली, लघवी साफ होतेय. आम्ही खर्डीला परतलो, आणि दुपारी देशमुख सर मुंबईहून स्वतः आले. रोहिणीच्या खोलीत बसलो. मी रोहिणीलाही बसायला सांगितलं.

देशमुख सर दुष्ट माणूस नाहीत. ते थकलेले दिसत होते. "काल जे झालं ते गंभीर आहे," ते म्हणाले. "नावांचा घोळ दुरुस्त करू. नंबर गाडी पोचेपर्यंत उघडा ठेवू, फरीदानं मान्य केलंय. पण शनिवार सोडता येणार नाही. पलीकडच्या तालुक्यांत फोनही नाही आणि गाडीही नाही. तिथे रोज कुणीतरी चांगुणा असते. आपण लांबवलं तर तिला आपली सेवाच मिळत नाही, हेही तुझ्या सहीवर अवलंबून आहे."

ते म्हणत होते ते खरं होतं. आदल्या रात्री मी याच विचारानं जागी होते.

"सर, सेवा नसती तर तिचा नवरा तिला जीपमधून घेऊन गेला असता," मी म्हटलं. "आपण गाडी निघाली म्हणालो म्हणून त्यानं जीप परत पाठवली."

त्यांना ते माहीत नव्हतं. मी लक्ष्मणचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. रोहिणी डोळे पुसायला बाहेर गेली आणि परत आली.

"तुझं म्हणणं काय?" त्यांनी विचारलं.

"गाड्या शनिवारीच सुरू करा, सगळ्या तालुक्यांत. पण फोन मुंबईला नको. प्रत्येक तालुक्यात तिथलंच माणूस फोनवर बसवा. आणि जोवर फोन करणाऱ्याला परत फोन करून जागा पक्की होत नाही, तोवर यंत्रणेनं गाडी निघाली असं म्हणायचं नाही. शोधतोय म्हणायचं."

"मुंबईचं केंद्र उभं आहे. त्याचं काय सांगू वर?"

"ते मला माहीत नाही, सर. पण सध्याच्या आराखड्यावर मी सही करणार नाही."

"दुसरा सोल्युशन आर्किटेक्ट आणू शकतो मी."

"हो."

नीलिमा म्हणाली, "मग डेटा आर्किटेक्टही आणा." सुधीरांनी आपलं मशिन बंद करून पिशवीत घातलं आणि हात पोटावर बांधून बसले.

सर उठून ओटीवर गेले. तिथून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता, कधी वर चढायचा, कधी अगदी खाली जायचा. काकी आतून विचारून गेल्या, जेवन वाढू का. कुणालाच जेवायचं नव्हतं. मी काय गमावणार याचा हिशोब मनात चालला होता.

सर आत आले तेव्हा बसले नाहीत. "मुंबईचं केंद्र थांबवलंय," ते म्हणाले. "कायमचं नाही, पण थांबवलंय. गाड्या उद्या निघतील. रोहिणी, पलीकडच्या तालुक्यांतली फोनवर बसणारी माणसं सोमवारी तुमच्याकडे शिकायला येतील. चालेल?"

"चालंल," रोहिणी म्हणाली.

माझ्याशी ते त्या दिवशी पुढे बोलले नाहीत. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "नवा आराखडा रविवारी पाठव." नंतर कळलं, की वरच्या बैठकीत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यांनी माझं नाव कुठे येऊ दिलं नाही.

ठाकूरवाडी, शनिवार

निघायच्या आधी मी एकटी मुरबाडला जाऊन आले. चांगुणा उशाला टेकून बसली होती. पाय अजून सुजलेला, पण चेहऱ्यावर रंग आला होता. लक्ष्मण पेज आणायला गेला होता. तिनं मला ओळखलं.

"ती गाडी चुकली ना, ती दुसऱ्या ठाकूरवाडीला गेलती म्हनं," ती म्हणाली. "कशी हाय ती वाडी? तितं पन आमचीच मानसं का?"

"मी बघितली नाही."

"मला ठावंच नवता, आमच्या नावाची दुसरी वाडी हाय."

मग आम्ही तिघं खर्डी सोडून निघालो तेव्हा मी गाडी माहुलीकडे वळवायला सांगितली. का, ते नीलिमानं विचारलं नाही. डांबरी रस्त्यापासून आत, सागाच्या झाडीमागे वीस-पंचवीस घरं. अंगणात भात वाळत घातलेलं. आमची गाडी थांबली तशी एक म्हातारा बाजेवरून उठला आणि चार बायका कामं टाकून पुढे आल्या. मी सांगितलं, गुरुवारी जी रुग्णवाहिका आली होती, त्या कामाची आम्ही माणसं. गाडी चुकून आली, तुम्हाला उगाच त्रास झाला.

म्हातारा म्हणाला, "त्रास काय. पन आमी लई शोधला. गाडी आली म्हंजे कोनालातरी चावला आसंल ना? फोन करनारा ओढ्याकडं पडला आसंल, आसं वाटला. सगळी शेतं फिरलो, आरोळ्या दिल्या. पोरांना जंगलात धाडला. काळोख पडंस्तोवर शोधला."

"कालच्याला पन शोधला," एक बाई म्हणाली. "मला जेवान गेला नाय. वाटायचा, आपल्याच हद्दीत कोनतरी पडलाय आनि आपल्याला गावत नाय."

आमच्या टॅबवर गुरुवारी त्या वाडीच्या नावापुढे 'रुग्ण आढळला नाही' अशी ओळ उमटून नोंद बंद झाली होती. इथे ती दोन दिवस उघडीच होती. कुणालाही वाटलं नव्हतं, की यांनाही काही कळवायला हवं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "मंग ती गावली का?"

"गावली. सिद्धगडाखाली. तिथेही ठाकूरवाडी आहे."

"जित्ती हाय?"

"आहे. सकाळी मी तिच्याशी बोलून आले."

त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. ती बाई वळली आणि वरच्या घरांकडे तोंड करून तिनं लांब हाक दिली, "वाचली गो, ती वाचली." वरच्या घरातून दुसऱ्या कुणीतरी तेच पुढे सांगितलं, आणि मग आणखी वर, डोंगराच्या कडेला भात कापणाऱ्यांपैकी कुणीतरी.